'ॲ'साठी सतरा वर्षे

सन २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगू लिपीतील एका जोडाक्षराने जगभरचे आयफोन बंद पाडले, ही बातमी आपणांपैकी अनेकांनी वाचली असेल. ते जोडाक्षर 'ज्ञा' हे होते. ज्ञान, विज्ञान, ज्ञानेश्वर या शब्दांतला तोच हा 'ज्ञा'. हैदराबादच्या मराठी माणसाला तो दुकानाच्या पाटीवर तेलुगूत भेटतो आणि घरच्या हरिपाठाच्या पोथीत देवनागरीत. हिंदी भाषक त्याला 'ग्य' म्हणतो, गुजराती 'ग्न' म्हणतो, आपण 'द्न्य' म्हणतो. आयफोनच्या ११.२.५ या आवृत्तीला मात्र तो कसाच उच्चारता आला नाही. हे अक्षर संदेशातून आले की संदेशांचे ॲप कोसळे. सूचनेच्या रूपाने पडद्यावर झळकले, तर फोनचा दर्शनी पडदा सांभाळणारी यंत्रणाच बंद पडे आणि फोन पुनःपुन्हा सुरू होण्याच्या फेऱ्यात अडके. मॅक संगणकही यातून सुटले नाहीत. खोडकरांनी ते अक्षर ट्विटरवरील आपल्या नावांत घातले, त्यामुळे निव्वळ नाव दिसल्यानेही ॲप बंद पडू लागली.

त्या दिवसांतील खरी तगमग वेगळीच होती. पुढे येऊ घातलेल्या ११.३ या आवृत्तीच्या चाचणीप्रतीत हा दोष नव्हता. म्हणजे औषध कारखान्यात तयार होते आणि रोगी दारात उभा होता. अखेर १९ फेब्रुवारीस ११.२.६ ही छोटी आवृत्ती मुद्दाम याच कामासाठी काढण्यात आली. बातमी सर्वत्र पसरल्यापासून आठवड्याच्या आत प्रकरण मिटले.

वृत्तपत्रांनी 'तेलुगू अक्षराने फोन बंद पडतो' असे मथळे दिले, ते आम्हांस तेव्हाही खटकले होते. दोष अक्षरात नव्हता. मनीष गोरेगावकर या अभियंत्याने त्याच आठवड्यात या दोषाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, त्यानंतर 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' नावाचे एक अदृश्य चिन्ह आणि शेवटी स्वरचिन्ह, अशी रांग लागली की अक्षरे जुळवणारी यंत्रणा गोंधळे, असे त्यांनी दाखवले. म्हणजे साधा 'ज्ञा' निरुपद्रवी होता. त्याच्या पोटात दडलेले अदृश्य चिन्ह घात करी. हा दोष तेलुगूपुरताही नव्हता. बंगालीत आणि देवनागरीतही तो होता. फरक एवढाच, की तेलुगूत दुसरे व्यंजन कोणतेही चाले आणि देवनागरीत ते 'र' असावे लागे. प्र, क्र, त्र यांसारख्या आपल्या रोजच्या अक्षरांत ते अदृश्य चिन्ह कोणी पेरले असते, तर मथळ्यात मराठीचेही नाव आले असते.

त्याआधी तीन वर्षे, मे २०१५ च्या अखेरीस, असेच एक प्रकरण झाले होते. इंग्रजी, अरबी, चिनी आणि देवनागरी चिन्हांची एक विशिष्ट मालिका संदेशातून आली की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होई. त्या मालिकेतील देवनागरी चिन्ह होते 'ॣ', म्हणजे दीर्घ ॡ चे स्वरचिन्ह. हा वर्ण बाराखडीच्या तक्त्यात पूर्णत्वासाठी ठेवलेला आहे. मराठीच्या हजारो शब्दांत तो एकदाही येत नाही. ज्याला आपल्या भाषेत कधी काम मिळाले नाही, त्याला जगभर उपद्रव देण्याचे काम मिळाले, हा योगायोग मोठा गमतीचा. सूचनेच्या अरुंद पट्टीत मजकूर बसवताना यंत्रणा तो मधेच तोडू पाहत असे आणि तेथेच तिचा तोल जाई. कंपनीने तात्पुरता उपाय म्हणून आवाजी साहाय्यकाकडून संदेश वाचून घेण्याचा सल्ला दिला. खरी दुरुस्ती ३० जूनच्या ८.४ या आवृत्तीत आली. म्हणजे एक महिना आणि काही दिवस.

हे दोन्ही दोष गाजले, कारण त्यांनी इंग्रजी लिहिणाऱ्याचाही फोन बंद पाडला. आम्हांस मात्र सांगायचा आहे तो ज्या दोषांनी कोणाचाच फोन बंद पडला नाही त्यांचा इतिहास. ज्यांना फक्त मराठी लिहायचे होते, त्यांनीच ते दोष सोसले, आणि त्यांची प्रतीक्षा आठवड्यांत मोजता येत नाही.

या कथेचा आरंभ १९९१ सालचा आहे. त्या वर्षी भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली आणि त्याच वर्षी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. ती कल्पना मोठी देखणी होती. सर्व भारतीय लिप्या एकाच वर्णमालेच्या लेकी आहेत. तेव्हा प्रत्येकीचे कोष्टक सारखेच आखावे, 'क' प्रत्येक कोष्टकात त्याच घरात बसावा, म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाणे सोपे होईल. बेळगावात बसून मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत व्यवहार करणाऱ्याला ही कल्पना किती सोयीची आहे हे वेगळे सांगावयास नको.

तथापि देवनागरीचे कोष्टक आखताना डोळ्यांसमोर मुख्यतः हिंदी होती. इंग्रजीतील 'बँक', 'ॲक्ट' यांतला उच्चार दाखवण्यासाठी तेथे 'ऍ' हे अक्षर ठेवले गेले, म्हणजे 'ए'वर अर्धचंद्र. मराठीची रीत निराळी. आपण 'अ'वर अर्धचंद्र देतो: ॲ. छापखान्यांतील खिळे, शाळेतील फळे, वकिलांच्या दारावरील पाट्या सर्वत्र हेच रूप होते. परंतु कोष्टकात त्याला घर नव्हते.

येथे वडोदऱ्याच्या वाचकांसाठी एक आडवाट. गुजराती लिपीत 'ए' हे अक्षर मुळातच 'अ'वर मात्रा देऊन लिहितात. त्यामुळे देवनागरीच्या कोष्टकात ज्या घरात हिंदी 'ऍ' बसला, गुजरातीच्या कोष्टकातील नेमक्या त्याच घरात 'अ'वर अर्धचंद्र असलेले अक्षर बसले. म्हणजे मराठीला हवे असलेले रूप १९९१ पासून संगणकाला ठाऊक होते, फक्त गुजराती वेषात. सगळी स्वरचिन्हे 'अ'लाच लावावीत अशी लिपिसुधारणा स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीत सुचवली होती. ती चिरस्थायी झाली असती तर हा प्रश्न कदाचित वेगळ्या रीतीने सुटला असता किंवा अधिकच चिघळला असता.

आरंभीची काही वर्षे याची झळ कोणास लागली नाही, कारण युनिकोड सामान्य माणसाच्या यंत्रावर आलेच नव्हते. आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांवर काम करत होतो. या पद्धतींत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या अंगावर चढवलेला मराठी अंगरखा. फाँट असेल तर मराठी, नसेल तर रोमन अक्षरांचा चिखल. बेळगावहून पाठवलेले निवेदन इंदूरला उघडले की त्याच नावाचा फाँट तेथे असेलच असे नाही, आणि तो नसेल तर निवेदनाच्या जागी गूढ मंत्र. सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या समाजाला ही अडचण अधिक जाचक होती; आपला पत्रव्यवहार एका गावात राहत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने देवनागरी आणि तमिळ या दोन भारतीय लिप्यांना प्रथम जागा दिली. मराठी, कोंकणी, हिंदी आणि संस्कृत या भाषांची नावे तिच्या यादीत होती. गोव्यातील मंडळींना आपल्या दोन्ही भाषा त्या यादीत एकदम दिसल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कन्नड, तेलुगू आणि गुजराती मात्र पुढील वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपर्यंत थांबल्या. म्हणजे दीडएक वर्ष निपाणीचा किंवा कारवारचा माणूस विंडोजवर युनिकोडमध्ये मराठी लिहू शकत होता, पण त्याच कागदावर खाली कन्नड लिहू शकत नव्हता. बिदरचा माणूस तर आपल्या तीन लिप्यांपैकी एकीवरच होता.

एक्सपी आपल्या भागात फार वर्षे टिकली. तिच्यात मराठी होती, पण झोपलेली. ती जागी करण्यासाठी नियंत्रण पटलात जाऊन जटिल लिप्यांसाठीच्या फायली बसवण्याच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि खूण केली की यंत्र मूळ तबकडी मागे. ती तबकडी किती जणांकडे होती? सायबर कॅफेतील यंत्रांना हात लावायची परवानगी नसे. कार्यालयातील यंत्राची तबकडी पुरवठादाराच्या कपाटात असे. मग पडद्यावर जे दिसे त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन उभी राही, जोडाक्षरे फुटून प्रत्येक हलन्ताचा पाय लोंबत असे. 'विद्यार्थी' हा शब्द पाहून विद्यार्थ्यानेच ओळखू नये अशी त्याची दशा. ज्यांनी पहिल्यांदा संगणकावर मराठी पाहिली ती अशी पाहिली, आणि 'मराठी संगणकावर नीट येत नाही' असे मत घेऊन ते उठले. त्या मताने केलेली हानी आमच्या मते पुढच्या सर्व दोषांहून मोठी आहे. पुष्कळ जण त्या दिवसापासून रोमन अक्षरांत मराठी लिहू लागले ते कायमचेच.

ज्यांच्या यंत्रावर मराठी जागी झाली, त्यांची गाठ आता 'ॲ'शी पडली. कोणी हिंदीचा 'ऍ' पत्करला. ते दिसायला परके, पण निदान अखंड दिसे. कोणी 'अ' लिहून पुढे अर्धचंद्राचे चिन्ह दिले. पुष्कळ यंत्रांवर तसे केले की दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. या वर्तुळाचा अर्थ असा, की प्रणालीच्या मते हे चिन्ह येथे बसत नाही. जणू शुद्धलेखनाची वही तपासणाऱ्या मास्तरांनी मारलेली खूण. मग कोणीतरी युक्ती शोधली: 'अ' आणि अर्धचंद्र यांच्यामध्ये 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य सांधणारे चिन्ह घालावे. वर्तुळ नाहीसे झाले. मराठी संकेतस्थळांवर ही युक्ती इतकी रुजली की आजही हजारो पानांवर ती सापडते.

'ॲ'ला स्वतःचे घर मिळाले ते युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, ४ एप्रिल २००८ रोजी. संकेतांक ०९७२. पहिल्या आवृत्तीपासून मोजले तर सतराव्या वर्षी. या विलंबाचे सगळे खापर परदेशी कंपन्यांवर फोडणे आम्हांस रास्त वाटत नाही. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयीचा निर्णय काढून 'ॲ' आणि 'ऑ' यांना तीत स्थान दिले ते ६ नोव्हेंबर २००९ रोजी. म्हणजे आपल्या वर्णमालेच्या तक्त्यात हे अक्षर अधिकृतपणे येण्याच्या दीड वर्ष आधी ते आंतरराष्ट्रीय कोष्टकात पोहोचले होते. ज्याचा आपणच पुरता आग्रह धरला नाही, ते दुसऱ्याने आधी द्यावे अशी अपेक्षा कशी करणार?

संकेतांक मिळाला म्हणजे अक्षर मिळाले असे मात्र नाही. कोष्टकात नोंद होणे म्हणजे गावाचे नाव नकाशावर येणे, रस्ता त्यानंतर. फाँट बनवणाऱ्याने ते अक्षर काढले पाहिजे, कळफलकावर त्याला जागा हवी आणि मग ते सारे एखाद्या अपडेटमधून आपल्या यंत्रावर उतरले पाहिजे. एक्सपीतील 'मंगल' फाँट २००८ च्या आधीचा, त्यात हे अक्षर नव्हते. नव्या यंत्रावर कोणी निष्ठेने 'ॲ' लिहिला की एक्सपीवाल्याला तेथे रिकामी चौकट दिसे, आणि तो लिहिणाऱ्यालाच दोष देई. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार अधिकृतरीत्या संपला, तरी ती यंत्रे टेबलांवर राहिलीच. आरंभीच्या अँड्रॉइड फोनांवर तर अख्खी देवनागरीच चौकटींत दिसे. आणि नवी आवृत्ती आली तरी ती आपल्या फोनासाठी फोन बनवणारी कंपनी देईल की नाही, याचा भरवसा नसे. कित्येकांचे अपडेट म्हणजे नवा फोन घेणे, एवढेच होते.

या मधल्या काळाने आपल्यासाठी एक विचित्र वारसा ठेवला आहे. उच्चाराला एकच, पण आतून निराळी अशी रूपे एकाच भाषेत शेजारी नांदतात: ऍ, सांध्यासह अर्धचंद्राचा अ, सांध्यावाचूनचा अ आणि खरा ॲ. वाचणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही, यंत्राला तो पर्वताएवढा. वकिलांच्या यादीत 'ॲड.' शोधा, निम्मे वकील सापडतील, निम्मे हरवतील. गोव्यात तर हे अक्षर नावाच्या आरंभीच उभे असते: ॲन्थनी, ॲग्नेलो, ॲना. सभासदांची यादी अकारविल्हे लावली की ही मंडळी तीन निरनिराळ्या ठिकाणी विखुरतात, एखादी यादीच्या अगदी शेवटी जाऊन बसते. आपले नाव यादीत नाही म्हणून परत गेलेला माणूस यादीत असतो, फक्त वेगळ्या संकेतांकाखाली.

दुसरे उदाहरण याहून मराठीपणाचे आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' नमस्कार करावयाचा असतो, 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचे सांगावयाचे असते. रफार आणि हा पापणीसारखा अर्धा 'र' यांतील भेद मराठीत अर्थाचा भेद आहे. हिंदीला याची गरजच पडत नाही. युनिकोडने हा अर्धा 'र' लिहिण्याची रीत दुसऱ्या आवृत्तीत अशी सांगितली की 'र', हलन्त आणि अदृश्य सांधा एकापुढे एक ठेवावेत. पुढे इस्कीच्या परंपरेला धरून नवी रीत आली: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घ्यावे आणि त्याला हलन्त द्यावा. जुनी रीतही सुसंगतीसाठी चालू ठेवली. हा 'ऱ' कोष्टकात आला तो द्राविडी भाषांतील कठोर 'र' देवनागरीत लिहिता यावा म्हणून. जुन्या कन्नडातही तो वर्ण होता, पुढे तो लोपला. कन्नडाने टाकलेल्या वर्णाच्या देवनागरी प्रतिरूपाच्या अर्ध्या अंगावर मराठी 'शेतकऱ्यांना' उभे आहे, हे सीमाभागातील भांडकुदळ मंडळींनी दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे असे आहे.

जुन्या रीतीत संकट असे, की सांधा अदृश्य आहे. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवताना अनेक प्रणाल्या अदृश्य चिन्हे कचरा समजून झाडून टाकतात. सांधा गेला की पापणीचा रफार होतो आणि 'शेतकऱ्यांना' चे 'शेतकर्यांना', 'अधिकाऱ्यांना' चे 'अधिकार्यांना' होते. संकेतस्थळांवर ही रूपे पाहून लोक लेखकाच्या शुद्धलेखनाला नावे ठेवतात. पुष्कळदा लेखकाने अचूकच लिहिलेले असते. वाटेत सांधा गळलेला असतो. प्रोग्रामर म्हणतील, हा दोष नव्हे, ही दोन आवृत्त्यांमधील विसंगती. ज्याचे वाक्य बिघडले त्याला या वर्गीकरणाचा उपयोग नाही.

आपल्या मजकुरात कोणते रूप दडले आहे ते ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. 'ऱ्या' नंतर कर्सर ठेवून बॅकस्पेसने एकेक खोडत जावे. काना आणि 'य' गेल्यावर उरलेला अर्धा 'र' दोन ठोक्यांत गेला तर रीत नवी. तीन ठोके लागले तर आत जुना सांधा आहे. 'ॲ' चेही तसेच: एका ठोक्यात जातो तो खरा, दोन किंवा तीन ठोके घेतो तो जोडलेला. कळफलक इन्स्क्रिप्ट असेल तर शिफ्टसह 'र' ची कळ दाबली की 'ऱ' येतो आणि त्यापुढे हलन्त द्यावा. संस्थांच्या जुन्या याद्या नव्याने उतरवताना आधी नावे आणि 'ॲड.' तपासावेत, नंतर बाकीचा मजकूर. कारण वाक्यातील चूक वाचणारा सावरून घेतो, शोधात न सापडलेले नाव कोणी सावरून घेत नाही.